हॉब्ससाहेबांची फेअर कॉपी

५ सप्टेंबर १९९८, शनिवार. रुवैस
सुट्टीवरून आल्याचा पहिला दिवस. क्लबच्या एसीला अजून तोच कुबट वास. हॉब्ससाहेबांनी जाहीर केलं की ते पुस्तक लिहिणार! सतरा वर्षं इंग्लंडात प्रोफेशनल फुटबॉल, सेंटर हाफ, चार क्लब. आणि आता इथे अबू धाबीच्या वाळवंटात रिफायनरीच्या पोरांना शिकवतायत. रोज अकरा ते साडेअकरा डिक्टेशन. 'मिसेस केतकर, तू शॉर्टहँड घे, मी बोलतो.' चला, पुण्यात इन्स्टिट्यूटला घासलेलं कुठेतरी कामी येतंय. नाहीतर इथे नुसती बॅडमिंटन कोर्टची बुकिंगं.
पहिली मॅच सांगितली. वय अठरा, धो धो पाऊस, आणि पठ्ठ्यानं डोक्यानं हेडर मारून चेंडू स्वतःच्याच गोलमध्ये घातला. वडील मॅच अर्धी टाकून निघून गेले म्हणे. मला हसू आवरेना. तेही हसले.

८ सप्टें., मंगळ.
काय हा माणूस! आज पुन्हा पहिली मॅच. पण ह्या खेपेला ऊन पडलेलं, स्वतःच्या गोलबिलचं नाव नाही, आणि वडिलांनी खांद्यावर घेऊन मिरवलं. मी पेन थांबवून बघत राहिले. डोळ्याला डोळा भिडवून थापा मारतोय.
घरी जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, 'अगं, म्हातारे खेळाडू सगळे असेच. तू छान वाटेल ते टाईप कर.' पाऊसवाली गोष्ट ठेवली. तीच बरी आहे.

१६ सप्टें., बुध.
पहिली मॅच. तिसऱ्यांदा. पाऊस, स्वतःचा गोल, वडील. ५ तारखेची वही काढून ताडून पाहिलं, शब्द न् शब्द तोच. जिथे तेव्हा खोकले होते तिथे आजही थांबले. आणि शेवटी म्हणतात, 'हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.'
हा थापा मारत नाहीये.
चहा आणते म्हणून बाहेर गेले आणि पॅन्ट्रीत नुसती उभी राहिले. पन्नाशीचा माणूस. अजून शर्यत लावून पोरांना हरवतो.

२६ सप्टें., शनि.
आता लक्ष ठेवलं की दिसतं. सोमवारी साहेबांनी एकाच ग्राउंडवर एकाच वेळी दोन टीम बोलावल्या होत्या. मी गुपचूप एकीला फोन करून वेळ बदलली. टेबलावर रोज चिठ्ठ्या ठेवते. १० वा. अंडर-१२. १ वा. मुदीरची (इथल्या मॅनेजरची) मीटिंग, निळी फाईल. त्यांच्या खिशातही एक चिठ्ठी, माझ्या नंबरासकट. ते 'ब्लेस यू, मिसेस के.' म्हणतात आणि आमचं ऑफिस घड्याळासारखं चालतं.
इन्स्टिट्यूटच्या बाई सांगायच्या, चांगल्या स्टेनोच्या बॉसची चूक बॉसला स्वतःलासुद्धा कळता कामा नये. मला बक्षीस मिळालं होतं त्या वर्षी. ते काय उगीच?

२० ऑक्टो., मंगळ. दिवाळी
फराळाचा डबा घेऊन साहेबांच्या घरी. त्यांच्या मिसेस, मार्गरेटबाईंनी चकली कुडुम्‌कुडुम् खाल्ली, मग हळूच आतून माझी टाईप केलेली पानं आणली. रोज संध्याकाळी वाचतात म्हणे. डोळ्यांत पाणी. 'मध्ये मला उगीच भीती वाटायला लागली होती. घरी एकच प्रश्न चारदा विचारतो. पण ही पानं वाचली की जीव भांड्यात पडतो. बघ ना, किती नीट आठवतंय त्याला!'
मी हातातली चकली खाली ठेवली.
सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, इंग्लंडात आता घर नाही, विकलं. इथलं घर कंपनीचं, व्हिसा कंपनीचा. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं की सुटलो. मी म्हटलं, इन्शाल्ला. आणि डबा तिथेच विसरून आले.

१४ नोव्हें., शनि.
आजचं डिक्टेशन: चामड्याचा चेंडू पावसात भिजला की दगड व्हायचा. गोलकीपरनं लांबून मारलेला तो दगड डोक्यानं परतवायचा हेच साहेबांचं काम. बाकी कुणी पुढे व्हायचं नाही, साहेबच व्हायचे. ट्रेनिंगमध्ये रोज सत्तर-ऐंशी. चोवीस वर्षांचे असताना एकदा मॅच संपली आणि बसमध्ये बसल्यावर शेजारच्याला विचारलं, आपण कुठे चाललोय? पुढच्या आठवड्यात परत तेच. सगळी बस हसायची. त्यांचं नावच पाडलं होतं, 'तिकीट हरवलेला पॅसेंजर'.
साहेब हसत हसत सांगत होते. मला मात्र कसंतरीच झालं. चोविसाव्या वर्षी? तेव्हापासून?
टाईप करताना गंमत म्हणूनच लिहिलं. एक वाक्य माझ्या पदरचं घालून जरा खुलवलंसुद्धा. लाज वाटली पाहिजे मला.

७ डिसें., सोम.
दुपारी दोनला फोन. सिलाच्या पोलीस चौकीतून. सिला! साहेब सकाळी अबू धाबीला मीटिंगला निघाले होते. अबू धाबी पूर्वेला, साहेब पश्चिमेला शंभर किलोमीटर गेले, सौदीची बॉर्डर यायला लागली तेव्हा पेट्रोल संपलं. तीन तास गाडीत बसून होते. खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर.
क्लबचा ड्रायव्हर गुलखान जाऊन घेऊन आला. म्हणाला, 'मॅडम, साब पूरे रास्ते पूछते रहे, मॅच कितने बजे है। मैं क्या बोलता? बोल दिया, चार बजे।'
म्हणजे तोही.
मुदीरना मी सांगितलं, गाडी बिघडली होती. खोटं बोलताना आवाजसुद्धा हलला नाही माझा. ते म्हणाले, 'खलास, विषय संपला, गाडी बदलून देऊ.'

९ डिसें., बुध.
मार्गरेटबाई त्यांना अबू धाबीच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. संध्याकाळी फोन, आवाज नुसता फुललेला. डॉक्टरांनी विचारलं, जुनं कितपत आठवतं? बाईंनी सोबत नेलेली माझी पानं पुढे केली. म्हणाल्या, त्याच्याच तोंडची आहेत, सेक्रेटरीनं उतरवून घेतलीत. डॉक्टरांनी पाच-सहा पानं वाचली आणि म्हणाले, इतकं सलग, इतकं बारकाव्यानिशी सांगणाऱ्या माणसाची मोठी काळजी नको. थकवा असेल. सहा महिन्यांनी या.
'तुझ्यामुळे, मिसेस केतकर! तुझे उपकार कसे फेडू?'
फोन ठेवला आणि तिथेच खाली फरशीवर बसले. डॉक्टरला फसवलं मी. तेसुद्धा मार्जिन एकसारखे ठेवून.
हे म्हणाले, 'तू काही मुद्दाम केलंस का?' नाही केलं. म्हणून काय झालं? आणि आता सांगितलं तर त्यांची नोकरी, व्हिसा, घर सगळं जाणार, तेही माझ्याच हातानं. नाही सांगितलं तर...
पुढे विचार करवत नाही.

२३ जाने. १९९९, शनि.
रमजान, ईद सगळं पार पडलं. आजपासून कोचिंग परत सुरू. मुग्धा आली ती डोकं धरूनच. गोळी मागितली. आमची कार्टी कधी गोळी मागत नाही.
'काय झालं गं?'
'नथिंग. हेडर्स.'
'किती?'
'फिफ्टी. अँड देन फिफ्टी अगेन.'
पन्नास झाल्यावर साहेबांनी पुन्हा शिट्टी मारून रांग लावली, चला, आता हेडर्स, पन्नास. मी ओरडलेच, 'अगं मग सांगायचं ना, झालेत म्हणून!'
ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच बावळट. 'आई, वी नेव्हर टेल हिम. ही गेट्स सो सॅड. एव्हरीबडी जस्ट डझ इट अगेन. ऑल लास्ट टर्म.'
अख्खी टर्म! बारा-बारा वर्षांची अठरा पोरं. त्यांची त्यांनी ठरवून टाकलेलं, कुणी काही बोलायचं नाही. हे कुणी शिकवलं त्यांना?
मांडीवर डोकं घेऊन तेल थापत बसले. ती झोपली. साहेबांच्या डोक्याचं जे झालं ते ह्या डोक्याचं... नाही. बास झालं आता.

२५ जाने., सोम.
दार लावून दोन दिवस टाईप करतेय. शॉर्टहँडच्या पाचही वह्या. ह्या वेळी एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तारीख टाकून, जसं बोलले तसं. पहिली मॅच एकूण अकरा वेळा. मधेच सुटलेली वाक्यं तशीच सुटलेली. 'माझ्या भावाचं नाव...' आणि पुढे कोरं. तिथे मी फेअर कॉपीत 'जॉर्ज' घातलं होतं, बाईंना विचारून. साहेबांना विचारलंच नव्हतं.
कागदावर सगळं एकत्र बघितलं. एवढं होतं? आणि मी रोज ह्यावर इस्त्री फिरवत होते?
ठरलं. बुधवारी बाई क्लबवर येतील तेव्हा त्यांच्या हातात द्यायचं. त्यांनी डॉक्टरांना दाखवावं. शनिवारी मी मुदीरकडे जाणार, पोरांचे हेडर्स बंद करा म्हणून सांगायला. का, ते विचारतीलच.

२७ जाने., बुध.
बाई आल्याच नाहीत. अकराला साहेब आले, नेहमीसारखे इस्त्रीच्या शर्टात, डिक्टेशनला. टाईप केलेली फाईल टेबलावरच होती. त्यांनी सहज उघडली. मला काढून घेता आली असती. नाही घेतली.
वीस-पंचवीस मिनिटं वाचत होते. मागे जायचे, पुढे यायचे, तारखांवर बोट ठेवायचे. नोव्हेंबरातल्या बसच्या पानावर फार वेळ थांबले.
मग अगदी हळू म्हणाले, 'हे सगळं मी बोललो?'
'हो सर.'
'तुला कधीपासून माहीत आहे?'
खोटं बोलायची एवढी सवय झालेली, तरी नाही बोलवलं. म्हटलं, 'सप्टेंबर.'
असा चेहरा मी आयुष्यात कुणाचा पाहिला नाही. राग नाही, रडू नाही. समोरून गाडी अंगावर येताना माणूस नुसता बघत राहतो, तसं बघत होते.
'सप्टेंबर,' ते म्हणाले. 'पाच महिने. आणि तू बसून माझं इंग्लिश सुधारत होतीस?'
रडायला लागले मूर्खासारखी. त्यांनीच स्वतःचा रुमाल काढून माझ्यापुढे ठेवला. मग फाईल काखेत मारून निघाले. कुठे, म्हणून विचारलं. 'विसरायच्या आत,' एवढंच म्हणाले.
खिडकीतून पाहिलं. गाडी गेटपर्यंत गेली. डावीकडे मुदीरचं ऑफिस, उजवीकडे घर. गेटवर ब्लिंकर न लावता उभी होती, मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तेवढ्यात मुदीरचा फोन आला. मार्चच्या कॉन्ट्रॅक्टसाठी साहेबांचा वार्षिक रिपोर्ट हवाय, दरवर्षीसारखा तूच लिही आणि त्यांची सही घे, यल्ला, लवकर. फोन ठेवून परत खिडकीशी येईपर्यंत गाडी गेलेली होती, कुठल्या बाजूला ते दिसलंच नाही.
रिपोर्टसाठी मशीनमध्ये कोरा कागद घातलाय. वर त्यांचं नाव टाईप केलंय. साडेतीन वाजले, अजून कुणाचाच फोन नाही.