खालच्या गावांचं पाणी

१२ मार्च ९४
ऑफिसात नवं काम. आफ्रिकेतली नदी, समुद्राला जातच नाही, वाळवंटात पसरून जिरते. तिच्यावर बंधारा आणि एका कंपनीच्या उसाला कालवा. मी ड्राफ्ट्समन, सांगतील ती रेघ ओढायची.

गंमत म्हणजे आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू जोसेफ त्याच नदीकाठचा. बंगलोरला, आमच्या बनशंकरीत दोन वर्षं राहतोय, फार्मसी शिकतोय. मी कधी गाव विचारलं नव्हतं.

१९ मार्च
जोसेफला नकाशा दाखवला. बंधाऱ्याखाली त्याचं गावच नव्हतं. विचारून शाईनं लिहिलं. जोसेफ आनंदानं वेडाच झाला. वडील मासे धरतात, आई पूर ओसरल्यावर ओल्या चिखलात मका टोचते.

मग म्हणाला, "अण्णा, कोरड्या महिन्यांत बंधाऱ्याची दारं बंद का? आमचा पूर तेव्हाच येतो. पाऊस लांब, वरच्या देशात पडतो. पाणी पोचायला महिने लागतात."

आमच्या शहाण्यांनी कावेरीचं गणित तिकडे लावलं! पाऊस नाही म्हणजे नदी आटलेली. गाढव सगळे. सोमवारी सांगतो.

२१ मार्च
सांगितलं. साहेबांनी पाठ थोपटली. "कोरड्या दिवसांत एवढं पाणी? मग कालवा दुप्पट करू!"
"खाली गावं आहेत, सर."
"गवतावर पसरून वाया घालवतात."
माझ्या नावानं सगळ्यांना कॉफी. डोकं फिरलं. प्यायलो मात्र.

२ एप्रिल
दुप्पट कालव्यासाठी तीच शीट सुधारायची. साहेब म्हणाले, "खालच्या गावांची नावं काढून टाक, उगाच प्रश्न विचारतात लोक." जोसेफचं गाव ब्लेडनं खरवडलं. शाई चटकन निघते.
बायकोला सांगितलं. नलू म्हणते, "तुम्ही नाही तर दुसरा कोणी काढेल. जेवा स्वल्प." खरं बोलली म्हणून जास्तच राग आला.

९ एप्रिल
जिन्यात जोसेफ. "सांगितलंत, अण्णा?"
"सांगितलं."
"मग?"
"साहेब खूश झाले."
एक शब्द खोटा नाही. त्यानं माझे दोन्ही हात धरले. एसटीडी-आयएसडी बूथवरून घरी निरोपही धाडला, बंगलोरच्या अण्णानं पाणी वाचवलं म्हणून. आई नाचली म्हणे.
लाज वाटली. चीडही आली, त्याचीच. इतका कसा विश्वास ठेवतो मेला!

१६ एप्रिल
शीट सोमवारी सहीला जाणार. जोसेफची परीक्षा संपली, आज गेला. नलूनं चकल्या बांधून दिल्या. त्यानं वाकून नमस्कार केला दोघांना, आपल्यासारखा. फाटकाशी सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, पण रिक्षावाला घाई करत होता आणि... नाही, रिक्षावाल्याचं काही नाही. "पोचलास की कळव," एवढंच म्हणालो.
हसला. "पोचल्यावर कशाला? पूर आला की कळवतो, अण्णा."