लष्करी ट्रेलर, पांढरं अस्तर आणि दादाची जीप

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातलाय, कंबर अजून धरलेलीच आहे). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना झोप लागते का? आणि जीपची तब्येत कशी आहे? तिचं इंजिन, तिचे टायर, आणि मुख्य म्हणजे तिच्या मागचा ओढायचा आकडा शाबूत आहे ना, ते सविस्तर कळव. (गुडघ्याचं आणि झोपेचं मी विचारलं, जीपचं ह्यांनी विचारायला लावलंय. आणि दादा, एक सोय आत्ताच सांगून ठेवते. ह्यांचा चष्मा हरवलाय, त्यामुळे पत्र झालं की मीच ते त्यांना वाचून दाखवणार आहे. वाचताना कंसातलं गाळणार. तेव्हा कंसाबाहेर बोलते ती ह्यांची बायको आणि कंसात तुझी बहीण, असं धरून चाल.)

तुला ठाऊकच आहे, ह्यांना निवृत्त होऊन आता वर्ष होईल. वीज कंपनीच्या तक्रार विभागात ह्यांनी आख्खी नोकरी काढली, आणि हजारो लोकांना अत्यंत शांतपणे समजावलं की बिघाड आमच्याकडे नाही, तुमच्याकडेच आहे. (लोकांना पटायचं नाही, पण फोन ठेवून द्यायची सोय होती. मला ती नाही.) तर गच्ची गळते म्हणून ह्यांना एक ताडपत्री हवी होती, आणि लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात ती स्वस्त आणि मजबूत मिळते असं कुणीतरी सांगितलं. हे ताडपत्री आणायला गेले आणि ताडपत्रीखाली जे होतं तेही घेऊन आले. दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर, शेवाळी रंगाचा, पुढे लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला मनगटाएवढी जाड कडी. ट्रकवाल्याने तो फाटकात सोडला, पैसे घेतले आणि मागे वळूनही पाहिलं नाही. लष्कराने तो का काढून टाकला हे ह्यांनी विचारलं नाही, आणि लष्करानेही आपणहून सांगितलं नाही.

त्याच रात्री जेवताना ह्यांनी बेत जाहीर केला. ट्रेलरवर छप्पर चढवायचं, आत दोन बाकं, एक शेगडी, खिडक्या, दार, असं फिरतं घरच करायचं, आणि आम्ही दोघांनी वर्षभर त्यात राहून सगळीकडे हिंडायचं. बेत फारच छान आहे, मला एकदम पसंत पडला. (मला कुठेही जायचं नाहीये, दादा. मला बसायचं आहे. आमचं घर तीन खोल्यांचं. एकीत सासूबाई, एकीत मुलगा आणि सून, आणि बाहेरच्या खोलीत हे, ह्यांचा टीव्ही आणि ह्यांची मतं. मला उरलं स्वयंपाकघर, आणि त्याला दारच नाही. लग्न झाल्यापासून आजवर मी दार लावून अशी कुठे बसले असेन तर ती न्हाणीघरात, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी विचारतंच की किती वेळ. आता ह्यांच्याबरोबर वर्षभर एका डब्यात राहायचं म्हणजे तीन खोल्यांतली माणसं बरी म्हणायची वेळ येईल.)

छपराचं आणि दाराचं काम वेल्डरने चोख केलं. ट्रेलरची मागची लोखंडी फळी खाली पडायची, तीच उभी करून तिने दाराचा खालचा अर्धा भाग बनवला (हो, तिने. वेल्डर बाई आहे. हे आधी दोन दिवस तिच्या नवऱ्याची वाट बघत बसले होते). खरा घोळ रंगाचा झाला. रंगारी संध्याकाळी बघून गेला आणि रात्री फोनवर म्हणाला, काका, उद्या येतो, पांढरं अस्तर आणून ठेवा, चार-पाच लागेल. आता रंगाच्या आधी जो पहिला हात मारतात त्याला ही मंडळी अस्तर म्हणतात, आणि चार-पाच म्हणजे लिटर, हे तुला-मला काय ठाऊक! ह्यांनी सकाळी उठून कापडाचं दुकान गाठलं आणि कमी पडायला नको म्हणून आठ मीटर पांढरं सुती अस्तर आणलं. रंगाऱ्याने पुडकं सोडलं, कापडाची घडी मोडली, उजेडात धरून पाहिलं आणि अगदी आदराने म्हणाला, "काका, हे ब्लाउजला लावतात."

ह्यांनी त्याला समजावून सांगितलं की चूक त्याच्या सांगण्यात होती, ह्यांच्या ऐकण्यात नव्हती. (सांगितलं नव्हतं मी? बिघाड तुमच्याकडेच आहे!) तो बिचारा म्हणत होता, खालचा रंग घासू या, अस्तराचा हात मारू या, नाहीतर वरचा रंग धरणार नाही. पण हे म्हणाले, लष्कराचा रंग ऊन, चिखल, सगळं सोसून टिकलाय, तोच आपलं अस्तर. शेवटी रंगाऱ्याने, ट्रेलर तुमचा, हौस तुमची, असं म्हणून शेवाळी रंगावर थेट मोतिया रंग चढवला. दिसला मात्र फार सुरेख.

कापड मात्र आठ मीटर तसंच पडून राहिलं. परत घेत नाहीत म्हणाला दुकानदार. म्हणून मी त्याचे खिडक्यांना पडदे करायचं ठरवलं आणि मापं नीट यावीत म्हणून आईचं हातमशीन घेऊन ट्रेलरमध्येच शिवायला बसले. (वारा येत होता म्हणून दाराची कडी आतून लावली. दादा, दोन तास कुणी हाक मारली नाही. मारली असेल तर ऐकू आली नाही. दोनच पडदे शिवून झाले, कारण मधला सगळा वेळ मी हात मांडीवर ठेवून नुसती बसले होते. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मला आधी शंका आली मला ताप आलाय. दुसऱ्या दिवशी उरलेले पडदे शिवायला गेले. तिसऱ्या दिवशी शिवलेले उसवले आणि पुन्हा शिवले. आता चौथ्यांदा झालर लावतेय.)

मग एका रविवारी ह्यांनी उद्घाटन ठेवलं. समोरचे दोघं शेजारी, मुलगा आणि हे असे चौघे चहा घेऊन आत गेले. मी बशा आणायला मागे राहिले. घडीची बाकं मागच्या टोकाला आहेत, ती कशी उघडतात हे दाखवायला ह्यांनी सगळ्यांना तिकडे बोलावलं. आता दोन चाकांच्या गाडीत सगळं वजन एका टोकाला गेल्यावर काय होणार? पुढचा दांडा सावकाश उठला आणि आभाळाकडे तोंड करून उभा राहिला. मग मागच्या दाराच्या फटीतून चहा बाहेर आला. कुणालाही लागलं नाही. (सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, अगं, उतरवून घे त्यांना. मी म्हटलं, आधी कपबशा उतरवते.) हे उतरल्या उतरल्या शेजाऱ्यांना म्हणाले की तुम्ही चुकीच्या जागी बसलात. मग वेल्डरने मागे दोन लोखंडी टेकू लावून दिले, आणि आता गाडी जागची हलत नाही.

रंगाचं मात्र रंगारी म्हणाला तसंच झालं. उन्हाने मोतिया रंगाचे पोपडे सुटायला लागले आणि खालचा शेवाळी जागोजागी डोकावू लागला, इतका की झाडाखाली उभा असला तर ट्रेलर आता पटकन दिसत नाही. दारावरचे पोपडे गेले आणि तिथे लष्कराने कधीतरी रंगवलेली मोठी पांढरी अक्षरं वर आली: अंतर ठेवा. हे म्हणतात पुन्हा रंगवून घेऊ. (मी रंगाऱ्याला निरोप पाठवलाय की सध्या येऊ नकोस. दारावर असं काही लिहिलेलं असावं ही माझी कधीची इच्छा होती, फक्त ती मला सुचली नव्हती.)

तर आता मुद्द्याचं. दांड्याची ती जाड कडी साध्या गाडीच्या हुकात बसत नाही. आपल्या सगळ्या नात्यागोत्यात एवढा मोठा आकडा एकट्या तुझ्या जीपला आहे. तरी येत्या महिन्यात तू जीप घेऊन यावंस, निदान पाठवावीस, अशी ह्यांची आणि माझी आग्रहाची विनंती आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण

ता. क. जीपचे ब्रेक तपासून घ्यायला ह्यांनी सांगितलंय. पहिला मुक्काम घाटापलीकडे आहे.

ता. क. (पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, छान लिहिलंयस, पण वाचताना मधेमधे थांबत का होतीस? मी म्हटलं, श्वास घ्यायला. आता खरी विनंती ऐक. दादा, जीप पाठवू नकोस. आकडा तुटला म्हण, विकली म्हण, वहिनींचा जीव तिच्यात अडकलाय म्हण. ट्रेलर हलला तर तो ह्यांचा, आणि उभा राहिला तर माझा. लहानपणी तू माझ्यासाठी आईजवळ पुष्कळ खोटं बोललास. हे शेवटचं. पाकीट टाकायला ह्यांच्याच हाती देतेय, म्हणजे संशय नको.)

ता. क. दादा, हे अक्षर माझं आहे. प्रवासाचा नकाशा सोबत जोडावा म्हणून पाकीट उघडलं. चष्मा आज सकाळी ताडपत्रीच्या घडीत सापडला, पण हिला ते सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सर्व मजकूर वाचला, कंसांसह. दारावरची अक्षरं मी रोज पाहत होतो, पण ती लष्कराची आहेत असा माझा समज होता. तक्रारीची तपासणी केली. बिघाड आमच्याकडेच आहे. जीप पाठवू नये. नकाशा जोडलेला नाही. चाकं काढून खाली विटा लावायला वेल्डरबाईंना सांगतो आहे, हिला टायर कुजल्याचं सांगेन. माझी एकच विनंती आहे. आठवड्यातून एखादा चहा मलाही आत बसून मिळावा, असं तुम्ही उत्तरात सहज सुचवावं. मी मधोमध बसेन आणि बोलणार नाही. मात्र ते वाक्य कंसात लिहावं. तुमचं पत्र ती मला वाचून दाखवेल तेव्हा तेवढंच गाळेल, आणि मी काही मागितलं हे तिला कधी कळणार नाही.

आपला,
'हे'