मोरीतल्या कोळ्याचे डोळे

अहो,

शिवणाच्या दुकानात लवकर जातेय. आज तुमच्यासमोर बसून चहा प्यायचा नव्हता. भाजी झाकून ठेवली आहे.

सकाळी कोळ्यांचे फोटो टाकून त्यांची नावं ओळखणाऱ्या आमच्या ऑनलाइन गटातल्या जाणकार बाईंनी कळवलं, की मोरीतल्या कोळ्याचं नाव मी दोन वर्षं चुकीचं देतेय. त्याला आठ नाहीत, सहाच डोळे आहेत. माझे एकेचाळीस फोटो चुकीच्या नावाने अभ्यासकांच्या नकाशावर गेलेसुद्धा, कारण दुसऱ्या एका सदस्याने 'बरोबर' म्हटलं की फोटो तिकडे जातो, आणि माझ्या प्रत्येक फोटोला तशी संमती होती. दर वेळी 'जाळीवाला' असं टोपणनाव घेतलेल्या त्याच एकाची. मी त्याला लिहिलं, 'दादा, आपलं दोघांचंही चुकलं.' तर फ्रिजवर ठेवलेला तुमचा फोन वाजला, आणि त्यावर माझंच वाक्य उमटलं.

त्या जाळीवाल्याला मी गुरू मानत होते हो! तुमच्याजवळच त्याचं कौतुक करायचे, आणि तुम्ही खाली मान घालून जेवत राहायचात.

मला बरं वाटावं म्हणून केलंत, एवढं कळतं मला. पण शर्टाची बाही उलटी लागली की गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, म्हणून तर मला शिवण नीट आलं. तुम्ही दोन वर्षं न बघताच 'बरोबर' म्हणत राहिलात.

आता ते एकेचाळीस फोटो मी एकेक करून दुरुस्त करणार आहे. तुम्ही हात लावू नका.

मोरीत झाडूही फिरवू नका. संध्याकाळी भिंग घेऊन त्याचे डोळे मी पुन्हा मोजेन. तुम्हीही वाकून मोजा. आणि आकडा माझ्याहून वेगळा आला, तर तुमच्या स्वतःच्या नावाने, माझ्या तोंडावर सांगा.