दावणीच्या सात जणी

आई, तुझे गुडघे कसे आहेत? दादांचा दमा बसला का? ढवळी, मोरी, काबरी, चांदी तिकडं भेटल्या का, नीट चरतात का? इकडं सगळे बरे आहेत, मी सोडून. हल्ली विसरतो, म्हणून धाकट्या लेकानं परवा दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरीनं घड्याळ लावलं नि म्हणाली, मिनिटभरात येतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा. तोच प्रश्न, आई, फक्त या वेळी खुर्चीत मी.

तू विसरतेस म्हणून तुला पुण्याच्या दवाखान्यात नेलं तो दिवस. तू पदर सावरून बसली आहेस. प्रश्न ऐकतेस नि धार काढायच्या क्रमानं आपल्या सातही शेळ्यांची नावं सांगतेस, एकही न चुकता. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आणखी सांगा ना, आजी." तू म्हणालीस, "आनखी कुठल्या सांगू? आपल्या येवढ्याच. बाकीच्या लोकांच्या हायेत." बाईंना त्या नावांत एकही प्राणी दिसला नाही, त्यांनी कागदावर भोपळा मांडला. त्या कागदावर विसंबून आम्ही शेळ्या बाजारात नेल्या आणि तुला खोडदहून मंचरच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. तिथं तू हाक कुणाला मारणार? वर्षभरात तुझं बोलणंच आटलं. मग सगळे म्हणाले, बघा, कागद खरा निघाला. आपल्या रानात आभाळाचं ऐकायला रेडिओ दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या उभ्या आहेत गं, म्हातारीचं ऐकायला घरात एक कान नव्हता.

परवा मी सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा धडाधड सांगितले. शाळा नाही, पण पुस्तकं वाचलेली ना. जिराफाला कधी मूठभर पाला घातलाय मी? पोरगी खूश. डॉक्टर माझा कागद बघत म्हणाले, पार परदेशात, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातही हेच विचारतात, पण वय किती, शाळा किती, माणूस कुठं नि कसा राहिला, हे बघूनच आकडा वाचायचा. वरातीमागून घोडं.

आजवर मी त्या बाईंनाच बोल लावला. त्यांना काय ठाऊक? ठाऊक मला होतं. शेजारीच बसलो होतो. बाई, ह्या आमच्या शेळ्या आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या गुळगुळीत टेबलासमोर मला तुझी लाज वाटली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? तरी उलट टपाली लवकर कळव. लिहिता येत नाही म्हणून अडू नकोस, कुणाकडून तरी लिहून घे. काल पडल्या पडल्या शेळ्यांची नावं म्हणून पाहिली, सहाच आली. सातवी, ती कान फाटलेली, तुझ्या मागं मागं चुलीपर्यंत यायची, तिचं नाव काय होतं गं?