पाणी कुठलं, ते आधी सांगा

तीर्थरूप वन्संना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन आहे आणि दुसऱ्याने कागद दाबून धरलाय, तेव्हा जोडले असं समजून घ्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नाही हे मला ठाऊक आहे, आणि विचारणाऱ्याला करते म्हणून सांगता हेही ठाऊक आहे, तरी भावजयीने विचारायचं असतं म्हणून विचारलं. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुमच्या बंधूंचं वजन थोडं वाढलंय, पण ते पाण्याचं असावं, कारण गेले काही महिने ते पाण्याशिवाय दुसरं काही मन लावून तोंडात घेत नाहीत, आणि घेतलेलं निम्मं बेसिनमध्ये थुंकतात. असं का, ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही मान्य करत नाही. मागे मी ट्रेलर घेतला म्हणून सांगितलं, तर तुम्ही टेलर ऐकलंत आणि जुना काय वाईट होता, बाह्या किती छान लावायचा, म्हणून मला चांगलंच झापलंत. तर वन्सं, हा शिवणारा नव्हे. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं एक छोटं घर असतं. आत दोन पलंग, शेगडी, सिंक, आणि एक न्हाणीघर, ज्यात माणूस एक तर अंघोळ करू शकतो किंवा वळू शकतो. मी इतकी वर्षं शाळेची बस चालवली, पाठीमागे सतत चाळीस-पन्नास मुलांचा कालवा. तेव्हाच ठरवलं होतं, की निवृत्त झाले की एकदा अशी गाडी चालवायची जिच्या मागच्या भागातून कोणी ओरडणार नाही, कोणाला उलटी होणार नाही, आणि ती नेऊन उभी करायची झाडांत, तळ्याकाठी, समुद्रापाशी, जिथे वाटेल तिथे. घेतला तेव्हा तुमचे बंधूच माझ्यापेक्षा जास्त खूश होते. पडद्यांचा रंग त्यांनी एका दिवसात पसंत केला. (हे वाचून तुम्हाला चक्कर आली असेल तर जरा टेकून बसा.) मग एक दिवस चहा पिता पिता अचानक म्हणाले, सगळं ठीक आहे, पण पाण्याचं काय?

पुढचं तुमच्या-माझ्यातच ठेवा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलंय, की दिवसाउजेडी गाडी चालवायला अजून हरकत नाही, पण डाव्या डोळ्याचं काम हळूहळू आटोपत आलंय, आणि हिवाळ्यात लायसन्स नव्याने करायची वेळ येईल तेव्हा ट्रेलर ओढायची परवानगी काही मिळायची नाही. म्हणजे माझ्याकडे हा एकच उन्हाळा आहे. तुमच्या बंधूंना गाडी येत नाही. (शिकवून पाहिलं. चौकात सिग्नल हिरवा झाला की तो नक्की कुठल्या छटेचा हिरवा आहे, हे बघत बसायचे.) आणि डोळ्यांचं मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते लगेच डोळ्यांचा डॉक्टर निवडायला घेतील आणि त्यात पुढचे तीन उन्हाळे जातील. तुम्हीच मला सांगितलंय, की मला होकार कळवायला त्यांनी किती दिवस लावले आणि तेवढ्यात तुम्ही सगळ्यांनी कसे हात टेकले होते. त्यांचाही दोष नाही म्हणा. रंगाच्या कारखान्यात जन्मभर पांढऱ्या रंगाचे डबे तपासले, पांढऱ्यात पांढरं शोधून काढायचं आणि नापास करायचं, हीच नोकरी. माणूस घरी आला तरी नजर कारखान्यातच राहते.

तर पाणी. फिल्टर घ्यायला म्हणून दुकानात गेलो. मला वाटलं, दुकान म्हणजे काय, पैसे द्यायचे आणि डबा उचलायचा. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा, अगदी सज्जन माणूस. त्याने विचारलं, पाणी कुठलं? म्हणजे गढूळ पाणी असेल तर गाळ अडवणारा फिल्टर, औषधाचा वास मारत असेल तर कोळशाचा, जंतू असतील तर आत दिवा असलेला, खारट असेल तर आरओ. जसं पाणी तसा फिल्टर, तेव्हा पाणी कुठलं ते आधी सांगा. हे म्हणाले, अजून कुठे गेलोच नाही, तर कुठलं म्हणून सांगू? दुकानदार म्हणाला, मग आधी जाऊन या. हे म्हणाले, फिल्टर नसताना जायचं कसं? यावर दोघंही मोठ्या आदराने एकमेकांकडे पाहत राहिले. वन्सं, मी सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कारखान्याच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं. दोघं आपापल्या जागी बरोबर होते, आणि ट्रेलर त्याच्या जागी, म्हणजे आमच्या दारात.

आता आपल्याला पाण्याकडे जाता येत नाही म्हटल्यावर यांनी पाण्यालाच घरी बोलावलं. जिथे जिथे ट्रेलर लावायची सोय आहे, तिथल्या व्यवस्थापकांना पत्रं गेली, की कृपया आपल्या नळाचं पाणी बाटलीत भरून पाठवावं. मला वाटलं, कोण पाठवतंय. पण जगात रिकामी माणसं आपल्या अंदाजापेक्षा फार असतात. बाटल्या यायला लागल्या. एक वाटेत फुटली आणि तिच्याबरोबर सबंध गल्लीचं टपाल भिजलं, तेव्हापासून टपालवाला आमचं टपाल हात लांब करून देतो. फ्रिजमध्ये बाटल्या, दूध बाहेर. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. संध्याकाळी हे टेबलाशी बसणार, एक घोट घेणार, डोळे मिटणार आणि सांगणार, की हे पाणी जरा पिवळसर लागतंय. (पाणी कधी पिवळसर लागतं का हो? यांना लागतं.) समोरच्या घरातले दंतवैद्य एकदा मदतीला आले. चूळ भरून थुंकण्यात त्यांचा हात कोण धरणार, त्यामुळे ते असे काही रंगले, की दुसऱ्या दिवशी न बोलावता आले आणि येताना स्वतःचा पेला घेऊन आले.

शेवटी मी डोकं चालवलं, आणि तिथेच घात झाला. तळ्याकाठची एक जागा मला फार आवडली होती, फोटोत. तिथल्या पाण्याची बाटली काही येईना. मग मी आमच्याच स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी एका बाटलीत भरलं, त्या तळ्याची चिठ्ठी चिकटवली आणि ठेवून दिली. माझा हिशेब साधा होता. तीस वर्षं हेच पाणी पितायत, जिभेला सवय आहे, चांगलंच म्हणतील आणि आपण निघू. यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, गंज आहे, चुना आहे आणि त्याखाली काहीतरी फार जुनं आहे, हे पाणी माणसाने पिऊ नये. वन्सं, ज्या पाण्यावर माझा सगळा संसार झाला, त्याला हे असं म्हणाले. माझा तोल गेला आणि मी खरं काय ते सांगून टाकलं. परिणाम असा, की त्या दिवसापासून हे घरातलंही पाणी पिईनात. आधी एक फिल्टर निवडायचा होता, आता दोन झाले, आणि घरचा आधी.

मग दुकानदाराने, बहुधा आमची दया येऊन, एक आरओचं मशीन चार दिवस वापरून बघायला दिलं. ट्रेलरमध्ये टाक्या दोन असतात. एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची. आरओचा स्वभाव तुम्हाला माहीत असेल, चार तांबे ओतले की एक देतो आणि तीन फेकतो. घरात ते मोरीत जातं, कळत नाही. ट्रेलरमध्ये ते सांडपाण्याच्या टाकीत जातं, आणि ती टाकी भरली की पाणी सगळ्यात खालचं भोक शोधून वर येतं. ते भोक न्हाणीघरात असतं. आणि न्हाणीघरात यांनी इतक्या महिन्यांत जमवलेली फिल्टरची माहितीपत्रकं रचून ठेवली होती. दुपारभर मशीन गुरगुरत होतं आणि हे बाहेर खुर्चीवर पेला घेऊन बसले होते. मी दार उघडलं तर पायरीवरून एक माहितीपत्रक पोहत खाली आलं, त्यामागे दुसरं. सगळी टाकी रिकामी होऊन हाती आलं ते काही तांबेच शुद्ध पाणी. ते यांनी चाखलं. तक्रार एकच होती, की याला काहीच चव नाही.

तेव्हा मात्र मला खरंच रडू आलं. माहितीपत्रकं वाळत घातलेली, उन्हाळा अर्धा सरलेला, आणि माझा ट्रेलर दारात चाकांवर उभा, पण टपालपेटीसारखा जागचा हलत नाही. मी तोंड धुतलं (नळाच्याच पाण्याने) आणि यांना म्हटलं, मला एक दुकान कळलंय. ते लोक तुमचा ट्रेलर स्वतः बघतात, मोजतात आणि त्याला हवा तोच फिल्टर बसवून देतात. फक्त ट्रेलर घेऊन जावं लागतं, आणि दुकान जरा लांब आहे. खोटं बोलताना माझा चेहरा जराही हलत नाही. शाळेच्या बसमध्ये रोज शेवटच्या मुलाला, आता आलंच हं तुझं घर, म्हणून सांगत आले आहे. हे लगेच तयार झाले. फिल्टर आणायला जाणं म्हणजे काही प्रवासाला जाणं नव्हे, असा त्यांच्या मते त्यात फरक आहे. कपडे भरले, निवडक बाटल्या मांडीवर घेतल्या आणि पट्टा लावून बसले. दर गावाला विचारायचे, हेच का? मी म्हणायचे, अजून जरा पुढे. हळूहळू विचारायचे थांबले आणि खिडकीतून बघायला लागले.

तर सांगायचं हे, की आम्ही तळ्याकाठी आहोत. काल उजेड असतानाच पोचलो. समोर पाणी आहे, पलीकडे डोंगर आहे आणि मागून कोणीही ओरडत नाही. दुकानाचा मालक गावाला गेलाय, पुढच्या आठवड्यात उघडेल, असं मी यांना सांगितलंय. त्यांनी फक्त हं म्हटलं. मी आज सकाळी पायरीवर बसून चहा घेतला आणि इतकी खूश झाले, की कोणाला तरी कळवल्याशिवाय राहवेना.

गुडघ्यांना जपा. व्यायाम करा, निदान मी विचारीन तेव्हा करते म्हणा.

आपली, निदान कागदावर तरी आज्ञेत असलेली,
भावजय

ता. क. वन्सं, खरं काम राहिलंच. आठवडा काय, बघता बघता जाईल, आणि मग हे दुकान दाखव म्हणतील. मला इथून समुद्रापर्यंत जायचंय. तुमचा शब्द त्यांनी आजवर कधी खाली पडू दिलेला नाही. तेव्हा एवढं करा, पत्र मिळताच त्यांना फोन करा आणि सांगा, की तळ्याजवळचं ते दुकान अगदीच सुमार आहे, खरं चांगलं दुकान समुद्राजवळ आहे, मी स्वतः चौकशी केली आहे. ते काय म्हणतात ते ऐकायची गरज नाही. नेहमीसारखं बोला आणि ठेवून द्या.

आणखी ता. क. आत्ता हे फिरून आले. फाटकापाशी नळ आहे, त्याला तोंड लावलं आणि घटाघटा प्यायले. बाहीने तोंड पुसलं, इकडे तिकडे पाहिलं आणि पुन्हा प्यायले. मी पडद्याआड होते. फोनवर यातला चकार शब्द काढू नका. आता हे पत्र त्यांच्याच हाती देते, तिकीट लावून पेटीत टाकतील.

(वेगळ्या अक्षरात)

ताई, पाकीट उघडंच होतं, आणि तपासल्याशिवाय माल पुढे सोडणं मला कधी जमलं नाही. दुकान वगैरे काही नाही, हे मला आमचं गाव संपायच्या आत कळलं होतं. डोळ्यांचंही ठाऊक आहे. दवाखान्यातून फोन आला तेव्हा ही अंघोळीला गेली होती, मी घेतला. त्या दिवसापासून फिल्टर निवडतोय. दुसरं काय करणार? ही ट्रेलर घेऊन रस्त्यावर निघाली तर काय होईल, याची भीती वाटायची, आणि हिला तोंडावर नको म्हणायची माझी छाती नाही. पण काल हिने एवढा मोठा ट्रेलर दोन झाडांच्या मधे एका दमात मागे घेतला. मी उतरून मोजलं. दोन्हीकडे सारखं अंतर होतं. तेव्हा फोन जरूर कर, ही सांगते तस्सं बोल. फक्त दुकान समुद्राजवळ आहे म्हणू नकोस. समुद्र इथून दोनच दिवसांवर आहे. दुकान त्याच्याही बरंच पुढे आहे म्हण.