कुंपणापलीकडच्या अळ्या

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज भांडायला बसले आहे. उद्या धनजहून चार माणसं आपल्याकडे येणार आहेत. शेजारच्या रहीमचाचांची सून जमिलाभाभी, तिच्या लेकीची सोयरीक जुळते आहे. पोरीच्या आईला सासरच्यांनी का टाकलं, हे त्यांना शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकायचंय. काय सांगू मी?

मी दहा वर्षांची असताना आपल्या परसात यायचं, ते पाखरू आठवतं तुला? नखाएवढं, पांढऱ्या पंखांना काळी किनार. दोडका नाहीतर काकडी, एवढ्याच वेलांवर यायचं. मग हिरव्या अळ्या पानं गुंडाळून आत बसायच्या. आपण पडलो जैन, मारायचं नाव नाही! मी त्या अळ्या एरंडाच्या पानावर नेऊन सोडल्या, तर तोंड लावीनात.

"कुसुम, उपाशी मरतीन न वं थ्या," तू म्हणालीस. "काकडीची अळी काकडीवरच सोड. पाप कायले घेतं?"

दुसरी काकडी होती कुठे? कुंपणापलीकडे, चाचांच्या वाडीत. मी रोज ताटलीभर अळ्या तिकडे सोडून यायची. केवढं पुण्य!

महिनाभरात चाचांच्या वेलांची चाळण झाली. त्या वर्षीचं बी भाभीनं शेलूबाजारहून, माहेराहून आणलं होतं. "बहूनं आनलेलं बीच किडकं निंगालं! तिचा पायगुनच असा!" चाचा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. पोटुशी भाभी कायमची माहेरी जायला बैलगाडीत चढली, तेव्हा मी बोलणारच होते. तू माझं मनगट आवळलंस.

"चूप राय. आपल्याले काय करायचं?"

अळ्या उपाशी मरतील म्हणून तुझा जीव तुटला, आणि भाभीसाठी एक शब्द नाही? रागावू नकोस, मीही काही कमी नाही. भाभीच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, चाचा गेले, तरी मी मूग गिळून बसले. पोर लग्नाची झाली, आई!

बाबा सकाळपासून तुझ्याबद्दल एकच म्हणताहेत, "मेलेल्या मानसाचं नाव कायले खराब करतं?" भीती वाटते मला.

तरी शब्द देते. उद्या त्या माणसांसमोर बसून सगळं सांगेन. अळ्या मी सोडल्या, हे आधी सांगेन. आणि त्यांनी विचारलं, की एवढ्याशा पोरीला गप्प कोणी बसवलं, तर तुझं नाव घेईन.

तुझीच,
कुसुम