लाल फडक्याला नमस्कार

नॉर्वे, १२ फेब्रुवारी २००४

तीर्थस्वरूप उत्तमसिंगमामांना विकासचा साष्टांग नमस्कार (बर्फात पाय घसरून तो इथं आठवड्यातून चार वेळा आपोआपच घडतो). मामींचे गुडघे, तुमची जीप आणि मिनाचं कॉलेज ठीक असावं.

मामा, मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झालो. आपलं लायसन इथं तीनच महिने चालतं, मग नव्यानं परीक्षा. मी काम करतो ती लाकडाची गिरणी घरापासून चाळीस किलोमीटर, बस नाही, आणि मालक म्हणतो वेळेवर ये, नाहीतर येऊच नको. तरी मी निर्धास्त होतो. कळमनुरी ते वसमत चौदा माणसं जीपमध्ये कोंबून सहा वर्षं हाकलेला माणूस मी, आणि तोही तुमच्या हाताखाली तयार झालेला!

इथले लोक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, भर दुपारी दिवे लावतात आणि पायी माणूस दिसला की थांबून त्याला आधी जाऊ देतात. हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. (तुमचा पहिला धडा होता, "ब्रेक नसला तरी चालंल, हॉर्न पायजे." तो इथल्या पुस्तकात सापडला नाही.)

परीक्षेच्या बाई वही घेऊन शेजारी बसल्या. मागची सगळी सीट रिकामी! माझा जीव तुटला. थांब्यावर एक आजीबाई दिसल्या, तशी सवयीनं गाडी थांबवून दार उघडलं. त्या बसल्यासुद्धा. बाईंनी पहिली फुली मारली. पुढं वळणावर बर्फात रोवलेली काठी, वर लाल फडकं. तांड्याच्या फाट्यावरच्या देवीला तुम्ही चालत्या गाडीतून दोन्ही हात जोडता, आणि मी एकदा जोडले नाहीत तर कानाखाली वाजवली होतीत. म्हणून जोडले. ते फडकं म्हणजे बर्फाखालच्या नाल्याची खूण होती. नाला बराबर तिथंच होता. आजी उतरून चालत गेल्या. खरं सांगतो, मामा, त्या वेळी तुमचा फार राग आला.

तरी तांड्यात मी पास झालो असंच सांगा. सोबत फोटो आहे, स्टिअरिंगवर मीच आहे.

आपला आज्ञाधारक (तिथंच चुकलं),
विकास

ता. क. फोटोतली गाडी बंद आहे, किल्ली शिलाकडं असते. ती पहिल्याच खेपेला पास झाली. (तुम्ही तिला जीपला हात लावू दिला नव्हता. "सूनबाई, हे बायामाणसाचं काम न्हाई.") आता तीच मला गिरणीवर सोडते, म्हणून नोकरी टिकली. हे पत्र मागच्या सीटवर बसून लिहितो आहे, कारण पुढं बसलो की मी शिकवायला लागतो. माझ्या सासऱ्यांना हे कळू देऊ नका, खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. (शिलाच्या हातचा) मामाजी, पाकीट टपालात टाकायला माझ्याकडंच दिलं यांनी. माझ्या बाबाला मी कवाच फोन करून सांगितलं. मिना अठराची झाली म्हणं. तिला गाडी शिकवू नका, पाया पडते. येत्या दिवाळीला मी येऊन राहिले, मीच शिकवीन.